ठराव, पाय आणि कोर्ट

हिंगोलीतल्या पोरांना आमदार कोण, मोठा वकील कोण, असं विचारलं की पटापट नावं सांगतात. कोणाची गाडी कोणती, तेही सांगतात. पण आमदाराचं काम काय आणि वकिलाचं काम काय, असं विचारलं की गप्प. म्हणून मी हे लिहितोय. राज्यघटनेचे शिल्पकार बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक आहेत. मुंबई कौन्सिलातले मेंबर आणि हायकोर्टातले बॅरिस्टर बाबासाहेब मात्र आपण पुतळ्यामागं झाकून टाकलेत.

आधी आपली जागा बघा. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, अलीकडं निजामाचं राज्य. सोयरीक दोन्ही काठांवर, कायदा मात्र वेगवेगळा. वऱ्हाडात इंग्रजी अंमलात थोड्याफार लोकांना तरी मत होतं. हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या वस्त्यांतल्या माणसाच्या हाती मतपत्रिका पडली ती १९५२ सालीच. मुंबईत आपला माणूस सरकारला जाब विचारत होता, तेव्हा आमची माणसं इथं वेठ करत होती.

बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागले. अस्पृश्य बॅरिस्टराकडं बडा अशील कशाला येतो? तरी १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात बागडे, जेधे, जवळकर यांच्यासाठी ते अपिलात उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणलं. १९२७ पासून ते सरकारनियुक्त मेंबर म्हणून कौन्सिलात बसू लागले.

आता महाडचं बघा. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही तसाच ठराव केला. म्हणून काय चवदार तळ्याचं पाणी मिळालं? छ्या! कागद कपाटात राहिला. २० मार्च १९२७ ला हजारो पाय तळ्याकडं चालत गेले, तेव्हा कुठं ओंजळीत पाणी आलं. त्यापायी डोकी फुटली. मग सवर्णांनी दावा लावला की तळं खाजगी आहे, बंदीची रूढी जुनी आहे. हा दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं, अशी अनादि रूढी शाबीत होत नाही. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं गेली.

मला सांगायचंय ते एवढंच : हक्काला ठराव लागतो, पाय लागतात आणि कोर्टही लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी हक्क अर्ध्या वाटेवर बसतो.

वतनाचं असंच झालं. वतनदार महारानं रात्रंदिवस सरकारचं आणि गावचं राबायचं, बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुतं. त्याला १८७४ च्या कायद्याचा आधार. तो बदलायला बाबासाहेबांनी १९२८ साली बिल मांडलं. निवड समितीत त्या बिलाचे हातपाय छाटले गेले. १९२९ साली ते मागं घ्यावं लागलं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. तो बघायला बाबासाहेब नव्हते.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी कोकणातली खोती मोडणारं बिल आणलं. पण नुसतं बिल आणून थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. आतही तेच बोलत होते, बाहेरही तेच. बिल मंजूर झालं नाही, पण कुळाची मान वर झाली.

आता आपल्या दारातलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. चवदार तळ्याला चौदा वर्षं लागली, विद्यापीठाच्या नावाला साडेपंधरा. ज्यांची घरं जळाली त्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. विधानसभेच्या जागा तीन : हिंगोली, कळमनुरी, वसमत. एकही राखीव नाही. तेव्हा आपला माणूस येईल तेव्हा येईल. पण जो येतो तो आपल्या मतांवरही येतो ना? मग तो दारात आला की हार घालायच्या आधी त्याला विचारा : बाबा, सभागृहात आमचे प्रश्न किती मांडले? गायरानाचं काय बोललास? अत्याचाराच्या किती केसेस कोर्टात पडून आहेत, ते माहीत आहे का? सभागृहात बोललेलं छापून ठेवलेलं असतं. मागवा, वाचा. वस्तीत जो पोरगा वकिली शिकतोय, त्याला ते वाचायला द्या.