युव्हेंटसला सहा, उधारी चाळीस

डोळे चोळू नका, हात काळे आहेत, आणखी झोंबेल. 1911 सालच्या वेस्ट ऑकलंडमध्ये उतरलायत तुम्ही, इंग्लंडच्या डरहॅम भागातल्या खाणवाल्यांच्या गावात. नाकात जातोय तो दगडी कोळशाचा धूर. शर्टाला, पावाला, दोरीवरच्या चादरींना, सगळ्याला त्याचा वास. बाजूला व्हा! पाळी सुटली. खिळे ठोकलेल्या बुटांचा खडखडाट गल्लीभर घुमतोय.

या दारातून आत डोकवा. चुलीपुढे पत्र्याचा टब, खोलीभर वाफ. आधी बाप अंघोळ करणार, मग त्याच पाण्यात मुलगे. पाठ मात्र घासायची नाही, घासली की कंबर अधू होते म्हणतात जुनी माणसं. यातला थोरला गावच्या फुटबॉल संघात खेळतो. आठवडाभर जमिनीखाली वाकून, रांगून कोळसा फोडणाऱ्या माणसाला मैदानावर पळण्यापेक्षा ताठ उभं राहण्याचंच सुख जास्त असावं, असं आपलं मला वाटतं.

चला, गाडी पकडायचीय, थेट इटलीतलं तुरिन. प्रवासखर्चासाठी कुणी घरातलं काय विकलं, ते विचारू नका. लिप्टनने, हो, त्याच चहावाल्या लिप्टनने, चषक ठेवलाय. मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, तो याच गावच्या संघाने नेला. यंदाही जिंकला तर कायमचा गावाचा.

आता मैदानात शिरा. गर्दीत कोपरं लागतायत. भाषा ओ की ठो कळत नाही, पण शिव्या बरोबर कळतात. चेंडू उंच आला, घ्या डोक्यावर! अयाई गं! चामड्यावरच्या नाडीचा वळ उमटला ना कपाळावर? चोळत बसू नका, समोर इथलाच युव्हेंटस संघ आहे. एक गोल झाला, आणखी एक, आणखी एक… सहा-एक! ओरडा की, घसा कशासाठी राखताय?

घरी परतल्यावर मात्र हिशेबाची वही उघडते. क्लब कर्जात. गावातल्या हॉटेलची मालकीणबाई चाळीस पौंड मोजते आणि तारण म्हणून हा जिंकलेला चषक ठेवून घेते. तो सोडवून आणायला क्लबला 1960 साल उजाडणार, तेही शंभर पौंड देऊन. तुम्ही काही तोवर बसू नका. उद्याची पाळी पहाटेची आहे, आणि कप जिंकला म्हणून खाणीत कुणी खाडा माफ करत नाही.