आई जाड, पोर हडकुळं: दोष कुणाचा?

"आई बघा कशी सुटलीये, अन् पोराच्या बरगड्या मोजून घ्या!" सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत अंगणवाडीच्या बातमीला गेलो की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. म्हणजे बाई स्वतः खाते, लेकराला देत नाही. मला याची चीड येते, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

१९७२ चा दुष्काळ आठवा. बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या, पोटाला सुकडी नाहीतर परदेशी लाल मिलो. भूक म्हणजे हाडं दिसणं, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाडी आली, वजनकाटा आला. काट्यावर बसलं पोर.

पुढे ताट बदललं. नागली, बाजरी मागे पडली, रेशनचा गहू-तांदूळ आला. १९९४ ला पामोलीनची आयात खुली झाली, तळण गल्लीबोळात पोचलं. पेठ-सुरगाण्याहून नाशकात आलेल्या बाईचं जातं सुटलं, डोक्यावरचा हंडा सुटला. भात, चपाती, वडापाव, गोड चहा. पोट भरतं, अंगाला लागते ती चरबी. डाळ पातळ, अंडं पगाराच्या आठवड्यात. लेकराचं पोट मुठीएवढं. ते चहात बुडवलेल्या बिस्किटाने आणि पाच रुपयांच्या पाकिटाने भरतं, मग वरण-भात नको होतो. त्यात जुलाब लागले की संपलंच. घरातलं अन्न तेच, एकाला फुगवतं, दुसऱ्याला वाढू देत नाही.

हे कोडं आपल्याच पुण्यात सुटायला लागलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांच्या मागे लागले. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण कमी होते ते स्नायू. चरबी मात्र टिकून. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२! म्हणजे पोटात असताना उपासमार झालेलं शरीर पुढे चरबी साठवतं. आजची जाड आई कालचं कुपोषित पोर असू शकते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुजी, आणि साधारण २३ टक्के बाया जादा वजनाच्या. हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापतात, बातम्याही वेगवेगळ्या होतात. आम्ही पत्रकारही एक 'कुपोषण'च्या मथळ्याखाली टाकतो, दुसरा 'जीवनशैली' पुरवणीत.

२०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण. पेठच्या पाड्यावरच्या बाईला ते ताट आहे. तीच बाई नवऱ्यामागे सातपूरच्या खोलीत आली, की ताट पेठलाच राहतं.