मापाचा जोडा

पायातला जोडा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांना सहसा पटत नाही. पगडीवर पाने खर्ची पडतात, तलवारीवर ग्रंथ होतात. आमच्या अचलपूरचेच पाहा. इमादशाहीची राजधानी, निजामाचे इलिचपूर आणि १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने घेतलेला गाविलगड, एवढ्यात या गावाचा इतिहास संपतो. त्या वेढ्यासाठी जड तोफा डोंगरवाटांनी माणसांनी ओढत नेल्या, हे इंग्रजांच्याच कागदपत्रांत आहे. तोफांची चर्चा होते. त्या वाटेवर ओझी वाहणाऱ्या पायांत काय होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तो पाय आहे. ज्याला रोज चालावेच लागते त्याला न बोचणारा, पाय सांभाळणारा जोडा कधी मिळाला, कोणी मिळू दिला नाही, आणि मिळाला तो कोणाच्या मापाचा होता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चांगला जोडा कशाला म्हणावे याविषयी फार मतभेद नाहीत. पुढे बोटांना पसरायला जागा हवी, अंगठ्यापुढे निदान अर्ध्या बोटाची मोकळीक हवी. टाच मागे घट्ट धरलेली हवी. तळ बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध मोडू नये. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. या सगळ्याचे सार एका शब्दात येते, आणि तो शब्द ‘माप’ हा आहे. कातडे कितीही मऊ असो, माप दुसऱ्याचे असेल तर कुरूप होते, घट्टे पडतात, टाच सोलवटते. आपल्या समाजव्यवस्थेने नेमके हे मापच नाकारले.

गौतम धर्मसूत्राच्या दहाव्या अध्यायात शूद्राने काय वापरावे हे सांगितले आहे. वरच्या वर्णांनी वापरून टाकलेले जोडे, छत्र्या, वस्त्रे आणि चटया. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाला उलट आज्ञा आहे. दुसऱ्याने घातलेला जोडा आणि वस्त्र त्याने वापरू नये. ही दोन वचने शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. दुसऱ्याच्या पायात राहिलेला जोडा चांगला नसतो हे शास्त्रकारांना पुरेपूर ठाऊक होते, म्हणूनच तो एकासाठी निषिद्ध ठरला आणि दुसऱ्यासाठी विहित. यात अज्ञान नाही. आणि हे झाले शूद्राचे! जो चातुर्वर्ण्याच्या बाहेर ढकलला गेला त्याला जुन्या जोड्याचाही हक्क कोणी लिहून दिला नाही.

याच देशात जोड्याचा विचार निराळ्या रीतीनेही झाला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात चर्मविषयक एक संपूर्ण खंधक आहे. भिक्खूने काय घालावे हा प्रश्न तेथे पायावरून सुटतो, जन्मावरून नाही. सोण कोळिविस हा श्रीमंत घरचा, नाजूक तळव्यांचा तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करताना त्याचे पाय फुटून वाट रक्ताने भरली. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैलही सोडू नयेत, हा बुद्धांचा प्रसिद्ध दृष्टान्त याच सोणाला उद्देशून आहे. दृष्टान्त सर्वांना माहीत असतो, त्याच्या मागचे रक्ताळलेले पाय विसरले जातात. बुद्धांनी त्याला एकपदरी तळाचे पायताण घालण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको. संघाला मिळत असेल तर मी घालीन. तेव्हा ती अनुज्ञा सर्व भिक्खूंना मिळाली.

आम्हा वऱ्हाडकरांना अधिक जवळची गोष्ट त्याच खंधकात पुढे आहे. अवंती-दक्षिणापथात राहणाऱ्या महाकात्यायनांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याबरोबर बुद्धांकडे निरोप पाठवला. आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, खडबडीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. येथे एकपदरी पायताण पुरत नाही, असा तो निरोप होता. बुद्धांनी सीमेवरच्या सर्व प्रदेशांसाठी अनेकपदरी तळाच्या जोड्यांना मान्यता दिली. अवंती सातपुड्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. पण काळी माती दोन्हीकडे आहे. पावसाळ्यात या मातीत गुरांचे खूर रुततात आणि फाल्गुन-चैत्रात त्या खुरांच्या कडा विटेसारख्या कडक होतात. त्यावरून अनवाणी चाललेल्या माणसाला पाली भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. जमीन कशी आहे, पाय कोणाचा आहे, किती चालायचे आहे, हे विचारून नियम बदलणारी ही दृष्टी होती. पुढे ती गावगाड्यात उरली नाही.

गावगाड्यात सर्वांत जास्त कोण चालत होते? पाटलाचा सांगावा नेणारा, सरकारी अंमलदारापुढे वाट दाखवत पळणारा, त्याचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणारा, मयताची खबर उन्हातान्हात गावोगाव देणारा महार. चालणे हेच ज्याचे काम, त्याच्या पायात वहाण चालत नव्हती. मेलेले ढोर ओढून नेणारा तो. पण त्या कातड्याचा जोडा होऊन परत येई तो दुसऱ्याच्या पायात. कोठे पोटाला चिमटा घेऊन जोडा घेतलाच, तर वाड्यासमोरून जाताना तो हातात घ्यावा लागे. माझे आजोबा असे हातात जोडा घेऊन चाललेले आहेत. वाडा ओलांडला की पुन्हा पायात. त्यांच्या जोड्याचे तळ त्यामुळे बरेच दिवस टिकत, असे ते हसत सांगत, आणि आम्ही मुले तेव्हा हसतही होतो.

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपल्या भाषेत अजून सर्रास वापरली जाते. स्त्रीविषयी आणि आपल्याविषयी. ज्यांना वहाण घालू दिली नाही त्यांनाच वहाण ठरवणारी ही म्हण शाळेच्या पुस्तकांतून शिकवताना कोणाला काही वाटत नसेल, तर आश्चर्य नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने बंगालमधील देशी सभ्य गृहस्थांना युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालून सरकारी समारंभांत येण्याची मुभा दिली. १८६८ साली ती आणखी वाढवण्यात आली. साहेबासमोर जोडा काढावा लागणे हा अपमान आहे, असे शिकलेला वर्ग त्या काळात ठासून मांडत होता, आणि त्याचे म्हणणे खरेच होते. पण आपल्या वाड्यासमोर दुसऱ्याने जोडा काढणे हा त्याचा अपमान आहे, हे त्या वर्गातल्या किती जणांना सुचले? मानहानीची जाणीव वरच्या दिशेने तीक्ष्ण आणि खालच्या दिशेने बोथट असते.

१९०१ साली भीमराव नावाचा एक मुलगा आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाला. प्रवासासाठी नवे कपडे, जरीच्या टोप्या आणि नवे जोडे घेतले होते, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या पोशाखाने स्टेशनमास्तरला मुले ब्राह्मणांची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला, आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे कबूल करून, गाडी स्वतः हाकून मुलांना जावे लागले. तो नवा जोडा त्यांच्या मापाचा होता. तो आला कोठून? लष्करातून. सुभेदार रामजींचे घर छावणीत वाढलेले होते. पलटणीत शिपायाला बूट मिळतो तो दया म्हणून नव्हे, पाय निकामी झाला तर शिपाई निकामी होतो म्हणून. इंग्रजांचा हिशेब साधा होता. पण त्या हिशेबात महाराचा पाय प्रथमच एक पाय म्हणून मोजला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली आणि तो बूटही गेला. पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ साली महार रेजिमेंट झाली. भरतीसाठी आपल्या पुढाऱ्यांनी केलेल्या अर्जविनंत्यांत भाकरीचा प्रश्न होता तसा या बुटाचाही होता, असे मला वाटते.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अडवणे हा त्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला. संसद जुन्या गोष्टींसाठी नवी कलमे लिहीत नाही.

कारखान्याच्या जोड्याने एक मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. बाटाने १९३० नंतरच्या दशकात बंगालमध्ये कारखाना उभारला आणि पुढे गावोगाव दुकाने झाली. दुकानात सहा, सात, आठ असे आकडे असतात, जात विचारत नाहीत. विक्रेता खाली बसून कोणाच्याही पायात जोडा घालून पाहतो. आमच्या पिढीला यात विशेष वाटत नाही. बापाच्या पिढीला वाटत असे; दुकानातला माणूस आपल्या पायाला हात लावतो म्हणून ते अवघडून पाय मागे घेत.

पण ते आकडे मुळात इंग्रजी पायाचे. दक्षिण भारतातील अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पायांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभर अनवाणी चाललेला पाय पुढून रुंद असतो आणि भार तळव्यावर अधिक समान वाटून घेतो, असे त्यात दिसले. असा पाय अरुंद बुटात कोंबला की करंगळी चेंगरते. मग माणूस एक आकडा मोठा जोडा घेतो, पुढे जागा होते आणि मागे टाच निसटते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. आपले पाय युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद आहेत असा निष्कर्ष निघाला आणि ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवण्यात आली. स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी या देशाने आपल्या माणसांचे पाय असे मोजायला घेतले.

तोपर्यंत मजुरी करणाऱ्या बाईच्या पायात रबरी चप्पल. तिने उन्हाच्या चटक्यापासून वाचवले, हे खरे. पण बाभळीचा काटा तिच्यातून आरपार येतो, टाच मोकळी राहते आणि ती पडू नये म्हणून बोटे दिवसभर आवळून धरावी लागतात. माझी आई चाळीस वर्षे निंदण आणि कापूसवेचणी करत आली. तिच्या टाचांच्या भेगांत नाणे उभे राहील. सकाळी पहिली दहा पावले टाकताना ती भिंत धरते. दुकानातला एकही जोडा तिच्या पायाला बसला नाही.

परतवाड्याच्या एका चर्मकार कारागिराकडे तिला घेऊन गेलो. आपल्यातलीही उतरंड येथे सांगितली पाहिजे. एके काळी चांभार महार-मांगांचा जोडा शिवत नसे, आणि महार मांगाला खाली लेखत असे. श्रेणीबद्ध विषमता असे बाबासाहेब म्हणाले ते हेच. प्रत्येकाला पाय ठेवायला एक डोके मिळते. आई दुकानाच्या पायरीशीच थांबली, ती सवयीने. कारागिराने तिला आत बोलावले, जुन्या वर्तमानपत्रावर एकेक पाय ठेवायला सांगितला आणि भोवती पेन्सिल फिरवली. दोन्ही पाय सारखे नव्हते. “मावशी, डावा मोठा आहे तुमचा,” तो म्हणाला. डाव्याला पाव बोट जास्त धरले, टाचेखाली मऊ थर, मागे पट्टा, खाली टायरचा तळ. त्याने आठ दिवसांनी बोलावले आणि आधी दोन-तीन दिवस घरातच घालून पाहा, कोठे लागले तर परत आणा, सैल करून देतो, असे सांगितले. उजव्या करंगळीला लागत होते. आई स्वतःच परत घेऊन गेली.