भिंतीवरचा अफझलखान आणि सुप्यातली होळी

कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये कुणाच्याही घरी गेलात, तरी बैठकीच्या खोलीतली भिंत पाहून घर कुणाचे ते कळते. आमच्याकडे काबा, मदिना, एखाद्या दर्ग्याचा फोटो. शेजारी विठ्ठल-रुक्मिणी, खंडोबा, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. काही घरांत आणि दुकानांत आणखी एक चित्र असते : प्रतापगडाचा शामियाना, वाघनखे आणि कोसळणारा अफझलखान.

रक्ताचा प्रसंग शोभेसाठी लावण्याची रीत फक्त आपलीच नाही. पॅरिसच्या १८३० च्या उठावावर देलाक्राने काढलेल्या चित्रात तर पायाशी प्रेते पडलेली आहेत. तरी त्याच्या छापील प्रती जगभर भिंतींवर दिसतात. चित्र चौकटीत बसले की प्रसंगाची भीती जाते आणि अभिमान उरतो. म्हणून भिंतीवर कोणता प्रसंग आला आणि कोणता आला नाही, हे विचारले पाहिजे.

महाराष्ट्रात छापील चित्रे सामान्य घरांत पोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो मळवलीला गेला. देवदेवता आणि इतिहासपुरुष खेड्यापाड्यांत पोचले ते असल्या छापखान्यांमुळे.

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाची भेट ही दोन सत्तांमधली लढत होती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमचे नाव सांगतात. खानाची कबर गडाच्या पायथ्याशीच आहे. चौकटीत यातले फारसे काही मावत नाही. उरतात दोन माणसे, आणि हळूहळू त्यांचे दोन धर्म होतात. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या याच प्रसंगावरून दंगल उसळली, सांगली-इचलकरंजीपर्यंत पसरली आणि संचारबंदी लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भेटीची किंमत रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांनी मोजली.

आता आपल्याच बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे वळू. शाहमन्सूर दर्ग्यामुळे हे गाव आपल्या लोकांना ठाऊक आहे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले सुपे तेच. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी इथे जमले. त्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठली, वह्या आणि कर्जाची खते मागितली आणि हाती आली ती जाळून टाकली. धान्याची दुकानेही लुटली गेली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत गेले. साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले गेले. पण मारहाण त्या मानाने फार कमी झाली. लोकांचा रोख कागदावर होता.

याचे कारण दूरचे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, म्हणून इथल्या कापसाला भाव आला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मिळेनासे झाले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचे खत तीनच वर्षे चालणार होते. हा कायदा कुळाच्या सोयीसाठी होता, पण सावकार तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेऊ लागले. निरक्षर शेतकरी अंगठा उठवत राहिला.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. एका गावच्या बाजारातून कायदा निघाला, असे किती वेळा घडते?

ज्या साली हा अहवाल पार्लमेंटपुढे गेला, त्याच साली पुण्यात चित्रशाळा उघडली. तरी सुप्याची होळी मी आजवर कुठल्याच भिंतीवर पाहिलेली नाही. या प्रसंगात राजा नाही, तलवार नाही, ओळखू येईल असा चेहराही नाही. आहे ती फाटक्या धोतरातली गर्दी. असले चित्र दिवाणखान्यात कोण लावणार?

एक सावधगिरी इथेही हवी. जमावाचे लक्ष्य बहुतेक मारवाडी आणि गुजराती सावकार होते. गावातल्या ब्राह्मण सावकारांना सहसा धक्का लागला नाही, अशी आयोगाची नोंद आहे. म्हणजे सुप्याचे चित्रही कुणी ‘आपले विरुद्ध परके’ असे रंगवू शकेल, आणि मग त्याचाही अफझलखान होईल. ते टाळायचे तर चित्राच्या मध्यभागी माणूस नको, जळणारे खत हवे.

बारामती तालुक्यातल्या एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने असे चित्र काढून घ्यावे. अंगठा उठवणाऱ्या त्या माणसात आपला पणजोबा शोधायला कुठल्याच मुलाला धर्म विचारावा लागणार नाही. कर्ज तर आजही प्रत्येक घराला ठाऊक आहे.