वंगण आणि रबर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. फार तर एखाद्या यंत्राच्या शोधकाचें नांव आपण आदरानें घेतों. परंतु यंत्र एकदां जगांत आल्यावर तें चालतें ठेवणारे हात कोणाचे, आणि त्या हातांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलत गेली, हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारीत नाहींत. इतिहास शिकविण्यांत माझें अर्धें आयुष्य गेलें, तरी मलाहि तो कधीं सुचला नव्हता. गेल्या दिवाळींत कुंभार पिंपळगावीं, आमच्या घराच्या अंगणांत, मोटारीखालीं उताणा पडलों असतां त्यानें मला गांठलें.

कुंभार पिंपळगाव हें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतलें, गोदावरीच्या खोऱ्यांतलें गांव. गांवाच्या नांवांतच कुंभार आहे, आणि कुंभार म्हटला कीं चाक आलेंच. काळ्या जमिनीचा हा मुलूख पावसाळ्यांत गाडीचें चाक तुंब्यापर्यंत गिळतो, आणि उन्हाळ्यांत त्याच चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होऊन बसतात. शहरांत पंधरा वर्षें वापरलेली माझी मोटार मीं पांच वर्षांपूर्वीं थोरल्या बंधूंना दिली. तेव्हांपासून ती याच रस्त्यांवर धांवत आहे. या खेपेस प्रत्येक खड्ड्यागणिक तिच्या पुढच्या भागांतून खडखडाट ऐकूं येई, सरळ रस्त्यावर ती एका अंगास ओढे, आणि पुढचे टायर आंतल्या कडेनें झिजले होते. लक्षणें स्पष्ट होतीं. चाकाला सांगाड्याशीं जोडणारा जो खालचा आडवा दांडा, ज्याला कारागीर 'लोअर आर्म' म्हणतात, त्याचे बुश निकामी झाले होते.

बुश म्हणजे कांहीं मोठी वस्तु नव्हे. एकींत एक बसविलेल्या दोन पोलादी नळ्या, आणि त्यांच्यामध्यें घट्ट धरलेलें रबर. चाक खड्ड्यांत उतरतें आणि वर येतें, त्यासरशीं दांडा हलतो. तें हलणें रबर स्वतःच्या अंगांत पिळून घेतें, आणि धक्क्याचा कांहीं भाग तेथेंच जिरवून टाकतें. मोलाचें लोखंड वांचावें म्हणून थोड्या मोलाच्या वस्तूनें झिजावें, अशी ही योजना आहे.

ही योजना मोटारीबरोबर जन्मास आली, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा लांकडी असतो. त्यांत लोखंडी नळी ठोकून बसवितात, आणि कण्याचें टोंक त्या नळींत फिरतें. नळी झिजली तर ती काढून दुसरी बसवावी, तुंबा वांचतो. चाकावर धाव चढवितांना लोहार ती गोवऱ्यांच्या जाळांत तापवी, फुगलेली धाव चाकावर बसवी, आणि वरून पाणी ओती. लोखंड आकसून लांकडास असें आवळून धरी कीं खिळ्याची गरज राहूं नये. दोन वस्तु केवळ घट्टपणाच्या जोरावर एकत्र ठेवणें, हेंच तत्त्व कारखान्यांत बुश दाबून बसवितांनाहि वापरतात. नळी आणि कणा यांचें वैर शमविण्यासाठीं वंगण असे. एरंडेल तेलांत काजळी कालवून केलेलें तें काळें रसायन गाडीच्या खालीं टांगलेलें असे, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे. कुरकुर म्हणजे तहान, आणि तहानेला तेल, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें कानांत होतें.

त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं गांवव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्याला त्यांनीं 'गांव-गाडा' हें नांव दिलें. गांव हा गाडाच होता, आणि तो चालता ठेवणारे सुतार व लोहार हे बलुतेदार होते. प्रत्येक दुरुस्तीचा दाम मोजीत न बसतां शेतकरी सुगीला त्यांच्या पदरांत धान्य घाली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. जन्मानें ठरलेला धंदा आणि पाटलाच्या खळ्यावर तिष्ठत उभें राहणें हीं तिचींच अंगें होतीं, आणि तीं गेलीं हें बरेंच झालें. परंतु तिच्यांत एक गोष्ट होती : वस्तु मोडण्यापूर्वींच तिची चौकशी करणारा मनुष्य गांवांतच राहत असे.

मोटार आली तेव्हां तिनें ही जुनी विद्या एकदम टाकून दिली नाहीं. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना, १९३२ च्या जून महिन्यांत, निजाम स्टेट रेल्वेनें २७ गाड्यांनिशीं प्रवासी मोटारवाहतूक सुरू केली. त्या पिढीच्या मोटारींच्या कमानपाट्यांच्या टोंकांना बहुधा कांशाचे बुश असत, आणि त्यांना वरचेवर ग्रीस पाजावें लागे. म्हणजे धातूवर धातु घसरावा आणि मध्यें वंगण असावें, हा बैलगाडीचाच नियम येथेंहि चालू होता. गाडीवान मोटारहांक्या झाला, तरी त्याच्या हातांतलें तेलाचें भांडें सुटलें नव्हतें.

क्रांति घडली ती रबरानें. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास १८३९ सालीं असें आढळलें कीं, गंधकाबरोबर तापविलेलें रबर उन्हांत चिकट होत नाहीं आणि थंडींत ठिसूळ होत नाहीं. पुढें १९२० नंतरच्या दशकांत लेऑन थिरी यानें दोन नळ्यांमध्यें रबर दाबून बसविण्याची युक्ति पुढें आणली, आणि 'सायलेंटब्लॉक' या नांवानें ती जगभर पसरली. हा नुसता वस्तूचा बदल नव्हता. पूर्वीं एक वस्तु दुसरीवर घसरत असे. आतां कांहींच घसरत नाहीं, मधला पदार्थच पिळतो आणि पुन्हां पूर्वस्थितीस येतो. जेथें घसरणें नाहीं तेथें वंगणाचें कामच उरत नाहीं. इतकेंच नव्हे, तर खनिज तेल नैसर्गिक रबरांत मुरतें, त्यास फुगवितें आणि त्याची ताकद हरण करतें. हजारों वर्षें जें चाकाचें औषध होतें, तेंच येथें विष ठरलें.

मोटारीखालीं मला दिसलें तें हेंच. बुशांचें रबर फुगून, लिबलिबीत होऊन नळीबाहेर ओघळलें होतें, आणि भोंवतीं काळ्या तेलाचे थर होते. मीं चकित होऊन विचारलें, तेव्हां दादा मोकळेपणानें म्हणाले, "अरे, कुईकुई करायची. दर महिन्याला मीच तेल सोडायचो." ज्या मायेनें त्यांनीं आमच्या वडिलांची गाडी राखली, त्याच मायेनें त्यांनीं ही मोटार बिघडविली होती. मीं रबराचा गुणधर्म समजावून सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानें ते म्हणाले, "मग तेल घालायचं नाही, तर राखायचं कसं?" या प्रश्नास माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हतें.

पुढलें काम पुतण्यानें आणि मीं केलें. पुतण्यानें मागच्या चाकांना दगड लावले, जॅकनें पुढचा भाग उचलला, चाक काढलें, आणि तो लागलीच खालीं शिरूं लागला. दादांनीं त्याचा दंड धरून त्याला मागें ओढलें. बैलगाडीला वंगण देतांना नुसत्या एका आधारावर विसंबून कोणी खालीं हात घालीत नसे, असें सांगून त्यांनीं जॅकखालीं फळी सारली, आणि सांगाड्याच्या मजबूत भागाखालीं बाभळीचे दोन जाड ओंडके दिले. कांहीं वेळानें त्या भुसभुशीत मातींत जॅक खरोखरच कलला, आणि मोटार ओंडक्यांवर टेकली. त्या क्षणीं आम्हां तिघांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं. तेलाच्या बाबतींत जुनी विद्या चुकली होती. टेकूच्या बाबतींत तिनें एक जीव वांचविला.

जुने बुश ठोकून काढले, बैठक घांसून स्वच्छ केली, आणि लांब बोल्ट व जाड चकत्या घेऊन, नट आवळीत आवळीत, नवे बुश इंच इंच आंत ओढले. बैठकीस तेलाऐवजीं साबणाचें पाणी लावलें. शेवटचें आवळणें मात्र चाकें जमिनीवर टेकून मोटारीचा भार त्यांवर आल्यानंतरच केलें. कारण अधांतरीं आवळलेलें रबर जमिनीवर येतांच कायमचें पिळलेलें राहतें आणि अकालीं फाटतें. मग चाकांची दिशा तपासून घेण्यासाठीं आम्ही सावकाश जालन्यास गेलों. खडखडाट थांबला होता.

परततांना दादांच्या प्रश्नाचें उत्तर दादांनींच शोधलें. घरीं पोंचल्यावर त्यांनीं तेलाचें भांडें फळीवर ठेवून दिलें, आणि पुतण्यास म्हणाले, "दर महिन्याला बॅटरी घेऊन खाली बघायचं. घालायचं काही नाही, नुसतं बघायचं." माझ्या मतें या लहानशा इतिहासाचें सार एवढेंच आहे. साधनें बदलतात, कालचें औषध आज विष होतें. परंतु वस्तु मोडण्यापूर्वीं तिच्यापाशीं जाऊन बसणारा मनुष्य घरांत असावा लागतो, ही गरज बदलत नाहीं.