स्वयंपाकातील मापे

घरगुती स्वयंपाकात जिन्नस मोजण्याची साधने, त्यांची कोष्टके आणि एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत करावयाचे रूपांतर. मराठी घरांत याचे तीन थर आढळतात : शेर-तोळ्यांची जुनी पद्धत, तिच्या जागी आलेले किलो-लिटर आणि या दोहोंपासून बरेचसे स्वतंत्र राहिलेले वाटी-चमच्याचे प्रमाण.

जुनी वजने : मूळ एकक तोळा (११.६६ ग्रॅम). ५ तोळ्यांची छटाक (५८ ग्रॅम), १० तोळ्यांचे नवटाक (११७ ग्रॅम), २० तोळ्यांचा पावशेर (२३३ ग्रॅम), ४० तोळ्यांचा अच्छेर (४६७ ग्रॅम) व ८० तोळ्यांचा शेर (९३३ ग्रॅम). केशर, जायफळ यांसारख्या महाग जिनसांसाठी मासा, म्हणजे तोळ्याचा बारावा भाग (०.९७ ग्रॅम), आणि गुंज, म्हणजे माशाचा आठवा भाग (०.१२ ग्रॅम). १८३५ पासूनचा चांदीचा रुपया तोळ्याच्याच वजनाचा असल्याने घरी वजने नसली तरी तराजूत रुपया टाकून काम भागे. ‘रुपयाभार’ हे प्रमाण त्यातून आले. मुंबईचा शेर मात्र सुमारे २८ तोळ्यांचा होता आणि असा ४० शेरांचा मण २८ पौंड (१२.७ किलो) भरे, ८० तोळी शेराचा मण ३७.३ किलोचा. जुनी पाककृती करून पाहणाऱ्याने म्हणून पुस्तक कोठले आहे हे आधी पाहावे. ‘शेर म्हणजे साधारण किलो’ हे समीकरण ८० तोळी शेरापुरतेच चालते, आणि तेथेही सुमारे ७ टक्क्यांचा फरक राहतो.

मापी कोष्टक : धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत ग्रामीण भागात अधिक रूढ होती. २ कोळव्यांचे चिपटे, २ चिपट्यांचे मापटे, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली. पायलीच्या पुढे एकवाक्यता नाही. मण कोठे १२ पायल्यांचा, कोठे १६. येथील शेर वजनी शेराहून निराळा असून तो आकारमान सांगतो, त्यामुळे शेरभर ज्वारी आणि शेरभर पोहे यांचे वजन सारखे येत नाही. शीग लावून भरलेले माप आणि शीग कापलेले माप यांतील तफावतही मोठी असे.

दशमान पद्धत : वजने व मापे यांच्या मानकांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. नावे मात्र टिकली : आज मंडईत ‘पावशेर मिरची’ मागितली की २५० ग्रॅम मिळते.

वाटी : मराठी पाककृतींचे आजचे प्रमुख माप. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले. वाटीला ठरलेले आकारमान नाही. आमटीची वाटी आणि तुपाची वाटी यांत दुपटीहून अधिक फरक असू शकतो. यावरून ही पद्धत अशास्त्रीय ठरवली जाते, ते बरोबर नाही. वाटी परिमाण सांगत नाही, गुणोत्तर सांगते. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीस एक वाटी पाणी म्हटले की वाटी कोणतीही घ्यावी, उकड तीच होते. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीस एक वाटी चिरलेला गूळ हे पुरणाचे प्रमाणही तसेच. चूक होते ती पद्धतींची सरमिसळ झाल्यावर. केकमध्ये मैदा वाटीने, बेकिंग पावडर चमच्याने, अंडी नगाने आणि आटवलेले दूध ४०० ग्रॅमच्या डब्याने घेतले जाते. येथे वाटी बदलली की सगळा तोल जातो. अशा कृतीत वाटीचे आकारमान मिलिलिटरमध्ये देणे आवश्यक आहे, आणि पुष्कळ पुस्तकांत ते दिलेले नसते.

वाटीचे प्रमाण ग्रॅममध्ये नेतानाही हाच घोळ होतो. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप सव्वा-सव्वा घेतात. १५० मिलिलिटरच्या वाटीत रवा सुमारे १०५ ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम व पातळ तूप १३५ ग्रॅम बसते. ‘सर्व जिन्नस समान’ म्हणून हेच तिन्ही जिन्नस १२५-१२५ ग्रॅम तोलले, तर रवा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाढतो, तूप कमी पडते आणि शिरा कोरडा, मोकळा होतो. समान मापे आणि समान वजने या दोन निरनिराळ्या पाककृती आहेत. रूपांतर करताना प्रत्येक जिनसाचा आकडा वेगळा काढावा लागतो, पाण्याचा १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम हा हिशेब तेलातुपाला (सुमारे ०.९१ ग्रॅम) लागू नाही, पिठाला तर नाहीच.

कप : अमेरिकी कप २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियातील २५०, जपानी २००; विजेच्या भातपात्राबरोबर येणारा बहुधा १८०. परदेशातील मराठी घरांत ‘एक कप तांदूळ’ यातील कप कोणता, हे म्हणून विचारून घ्यावे. मैदा चमच्याने हलकेच भरून वर सपाट केला तर अमेरिकी कपात १२० ते १२५ ग्रॅम बसतो. कप डब्यात बुडवून भरला तर १४० ग्रॅम किंवा अधिक. भरण्याची रीत न सांगता दिलेले कपाचे प्रमाण अपुरे समजावे. सपाट मापाचा आग्रह फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या बॉस्टन येथील पाकपुस्तकाने रूढ केला.

चमचा : लहान ५ मिलिलिटर, मोठा १५, ऑस्ट्रेलियात मोठा २०. घरातला पोह्यांचा चमचा यांपैकी कोणताच नव्हे. लहान चमचाभर बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम. जाडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते, म्हणून लोणच्याचे मीठ तोलूनच घ्यावे.

अंदाजी मापे : चिमूट (तीन बोटांत येईल तेवढे), मूठ, पसा, ओंजळ, लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढे लोणी, भातासाठी बोटाच्या पेराइतके पाणी.

गोवा : कुडव व खंडी ही धान्यमापे.

तापमान : फॅरेनहाइटमधून ३२ वजा करून ५ ने गुणावे व ९ ने भागावे, ३५० अंश फॅरेनहाइट म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस.