१७०१ चे १०१७

आता गंमत बघा. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ एवढीच चालली. दूरदर्शनवर ती ऐंशीच्या दशकात आली. आम्ही तेव्हा नोकरीला लागलेले, तरी मुलांच्या आधी टीव्हीसमोर! तिकडे पोरं एएमटी कंपनीचा एन्टरप्राइज यानाचा प्लॅस्टिकचा संच घरी जोडत. १९६७ च्या ‘द डूम्सडे मशीन’ या भागात तसंच दुसरं, मोडकं यान हवं होतं. निर्मात्यांनी काय केलं? तोच संच घेतला, जाळून-फोडून मोडका केला, १७०१ चे आकडे मागेपुढे करून १०१७ केले. म्हणजे खेळण्यालाच पडद्यावर खऱ्या यानाचा मान! मूळ अकरा फुटी मॉडेल १९७४ साली स्मिथसोनियनकडे गेलं. आम्ही मुलांना पुठ्ठ्याचं करून दिलं होतं. आता मुलाने तिकडून संच पाठवलाय. खोकं उघडलेलं नाही. हात थरथरतात, असं घरी सांगतो आम्ही.